पटकथेतली बाई घरी कधी जाते?

मराठी आणि हिंदी चित्रपटांसाठी लिहिणाऱ्या सर्व पटकथाकारांस,

स. न. वि. वि.

तुमची पटकथा सगळ्यात बारकाईने कोण वाचतं, सांगू? दिग्दर्शक नाही, नट तर नाहीच. आम्ही कपडेपटातली माणसं वाचतो. संवाद आम्हाला पाठ नसतात, पण कोणत्या प्रसंगात कोण दारातून आत येतं, कथेतला दिवस कितवा, बाहेर पाऊस आहे का ऊन, हे सगळं आम्ही ओळीवर बोट ठेवून वाचतो. त्यावर कपडे ठरतात. बारा वर्षं मी हे करते आहे. या बारा वर्षांत एक ओळ मराठी-हिंदी, गंभीर-विनोदी अशा सगळ्या पटकथांत मला भेटली आहे: ‘बाई चहाचा ट्रे ठेवून आत जाते.’

हे पत्र त्या एका ओळीसाठी.

माझी आई पुण्यात घरकाम करायची. चार कामं धरलेली. दोन घरी धुणं-भांडी, एका घरी केर-फरशी, एका घरी पोळ्या. सकाळी साडेसहाला निघायची, दुपारी दीडला घरी. संध्याकाळी पुन्हा भांड्यांची फेरी. तिचा सगळा दिवस घड्याळावर चालायचा. पहिल्या घरी नळ उशिरा आला की चौथ्या घरच्या पोळ्या लांबायच्या आणि तिथल्या साहेबांचा डबा चुकायचा. म्हणून तुमची ती ओळ वाचली की मी अडते. आत म्हणजे कुठे? तिचं काम तर झालं, मग ती स्वयंपाकघरात काय करते आहे? पुढच्या घरी तिची वाट बघत नाहीत का?

तुमच्या पटकथेत बाईला पुढचं घर नसतं. तिचं स्वतःचंही नसतं. ती स्वयंपाकघराच्या दारातून उगवते आणि तिथेच मावळते.

आता साडीचं सांगते, कारण माझं भांडण तिथूनच सुरू झालं. पाचेक वर्षांपूर्वी एका शूटिंगला घरकाम करणाऱ्या बाईसाठी मी साडी काढली. सिंथेटिक, बारीक फुलांची, स्वच्छ धुऊन इस्त्री केलेली. दिग्दर्शकांनी बघितली आणि म्हणाले, “ही तर मालकीणच वाटतेय. मळव जरा. एखादं ठिगळ लाव.” मी म्हटलं, सर, कामाला जाणारी बाई मळकी साडी नेसून जात नाही. सिंथेटिक एवढ्यासाठी, की ती भिजली तर लगेच वाळते, सुती साडी दिवसभर ओली अंगाला चिकटते. माझी आई निघताना आरशासमोर उभी राहून टिकली लावायची, पदर खोचायची. मी लहानपणी एकदा हसले तेव्हा म्हणाली होती, “मी काय भीक मागाया चाललेय का? कामाला चाललेय.” हे सगळं मी सेटवर बोलले नाही. बोलले ते एवढंच, की मळकी साडी खोटी दिसेल. त्यावर उत्तर आलं, “अगं, प्रेक्षकाला कळायला नको का, ती बाई आहे ते?”

साडी मी चहाच्या पाण्यात बुडवली. ठिगळही लावलं. नोकरी होती.

पण तो प्रश्न डोक्यात राहिला. प्रेक्षकाला कळायला नको का? ठिगळ लावल्याशिवाय ती बाई आहे हे कळत नसेल, तर याचा अर्थ लिहिताना तुम्ही तिच्या अंगी दुसरं काहीच दिलेलं नाही. हात दिले नाहीत, घाई दिली नाही. सगळं काम माझ्या ठिगळावर सोपवलंत.

हे काही आजचं नाही म्हणा. आपल्या सिनेमाची सुरुवातच मजेशीर आहे. १९१३ साली दादासाहेब फाळक्यांना ‘राजा हरिश्चंद्र’मधल्या तारामतीसाठी बाई मिळेना. शोध पार कोठ्यांपर्यंत झाला, तिथल्या बायकांनीही नकार दिला. शेवटी तारामती सापडली ती ग्रँट रोडवरच्या एका उपाहारगृहात कामाला असलेल्या अण्णा साळुंके यांच्यात. भारतीय पडद्यावरची पहिली राणी म्हणजे हॉटेलात राबणारा एक पुरुष. त्याच वर्षी ‘मोहिनी भस्मासुर’मध्ये दुर्गाबाई कामत आणि त्यांची मुलगी कमलाबाई उभ्या राहिल्या तेव्हा कुठे पडद्यावर खरी बाई आली. साळुंके यांनी पुढे ‘लंका दहन’मध्ये राम आणि सीता अशा दोन्ही भूमिका एकट्यानेच केल्या. एक कामगार माणूस राणी झाला, सीता झाला, रामही झाला. मला ही गोष्ट फार आवडते. तेव्हा नाइलाज होता म्हणून का होईना, हॉटेलातल्या हातांना राजवस्त्र मिळालं.

पुढे नाइलाज संपला आणि नोकराला नोकराचेच कपडे मिळू लागले. तरीही नायक नोकर झाला की एक गंमत होते, ती तुमच्या लक्षात आली आहे का? ‘बावर्ची’मधला राजेश खन्नांचा आचारी शेवटी प्राध्यापक निघतो. ‘चुपके चुपके’मधला धर्मेंद्रचा ड्रायव्हर वनस्पतिशास्त्राचा प्राध्यापक. ‘हिरो नंबर वन’मधला गोविंदाचा नोकर बड्या उद्योगपतीचा मुलगा. ज्या नोकरावर प्रेम करायचं तो मुळात नोकर नसतो. हे तिन्ही सिनेमे मी आनंदाने बघते, लागले की उठत नाही. पण बघताना दर वेळी कळतं, की आचारी म्हणून आचारी असलेला माणूस तीन तास बघवेल यावर कुणाचा विश्वास नव्हता. आणि खऱ्या नोकराचं काय होतं, तर ‘शोले’तला रामलाल होतो. ठाकूरचे हात गेल्यावर रामलालच त्याचे हात. एवढ्या लांबलचक सिनेमात रामलालचं घर कुठे, त्याला बायको-पोरं आहेत का, एकानेही विचारलं नाही. जय-वीरूनेसुद्धा नाही, आणि ते तर पुढाऱ्यासारखे सगळ्या गावाशी बोलत फिरत होते.

ही झाली पुरुषांची तऱ्हा. बाई नोकर असेल तर ती प्राध्यापक निघत नाही, आई निघते. १९६३च्या ‘मोलकरीण’मध्ये सुलोचनाबाई स्वतःच्याच मुलाच्या घरी मोलकरीण म्हणून राबतात. आमच्या वस्तीत हा सिनेमा टीव्हीवर लागला की बायका डोळ्याला पदर लावायच्या. माझी आईही रडायची. पण मोठी झाल्यावर माझ्या डोक्यात आलं, की थिएटरात जे रडले ते मोलकरणीसाठी रडले नाहीत. आईवर मोलकरीण व्हायची वेळ आली, म्हणून रडले. मोलकरीण असणं हा तिथे अपमान आहे, आणि ज्या बाईवर तो अपमान जन्मापासून बसलाय तिच्यासाठी त्या सिनेमात रडायला जागाच नाही.

१९९७च्या ‘चाची ४२०’मध्ये मात्र घरात कामाला आलेली बाई मुख्य पात्र झाली. मुलं सांभाळणारी, बेरकी, सगळ्या घराला नाचवणारी. नाव लक्ष्मी गोडबोले. आणि साडीच्या आत होते कमल हासन! १९१३ ते १९९७ असा फेरा मारून आपण परत पुरुषाला साडी नेसवण्यापाशी आलो.

लक्ष्मी गोडबोले या नावावरून आठवलं. हिंदीत लिहिणाऱ्या मराठी लेखकांनो, हे खास तुमच्यासाठी. हिंदी सिनेमात घरकाम करणारी बाई ‘अय्यो’ किंवा ‘आपुन’ म्हणत नसेल तर ती हमखास मराठी हेल काढून बोलते. मुंबईत घरकामाला मराठी बायका होत्या आणि आहेत, त्यामुळे यात खोटं असं काही नाही. पण मुंबईत मराठी डॉक्टर होते, पोस्टातल्या बायका होत्या, गिरणीत पाळी करणाऱ्या बायका होत्या. त्यांच्या हेलाची कुणाला आठवण होत नाही. ‘हम आपके हैं कौन’ आला तेव्हा मी शाळेत होते. लक्ष्मीकांत बेर्डे म्हणजे आमचा हिरो, एकट्याच्या नावावर थिएटर भरवणारा. तो तिथे लल्लू नावाचा घरगडी. प्रिया अरुण तिथे चमेली, मोलकरीण. नायक-नायिकेच्या प्रेमकथेला समांतर नोकरांची छोटी प्रेमकथा, चवीपुरती. मोठ्या पडद्यावर आपला माणूस दिसला याचाच आम्हाला एवढा आनंद, की तो तिथे नक्की काय करतोय हे उशिरा कळलं. ‘कल हो ना हो’मधल्या कांताबेन म्हणजे सुलभा आर्य. कांताबेनने दचकायचं, गैरसमज करून घ्यायचा आणि थिएटर हसायचं. दोन मित्रांना प्रेमी समजण्याचा तो विनोद चालायला कुणीतरी ‘अडाणी’ लागतं, आणि तो अडाणीपणा घरातल्या कामवालीच्या वाट्याला येतो. त्या विनोदात एका दगडात दोन जणांना मारलंय, आणि दोघांनाही उलट उत्तर द्यायची सोय ठेवलेली नाही.

सगळ्यांनी असंच लिहिलं, असं म्हणाले तर मी खोटी ठरेन. ‘अर्थ’ १९८२चा. त्यातल्या नवऱ्याने सोडलेल्या नायिकेची गोष्ट सगळ्यांना आठवते. मला आठवतात रोहिणी हट्टंगडी. नायिकेकडे कामाला येणारी बाई. मुलीच्या शाळेसाठी पैसे जमवणारी, दारुड्या नवऱ्याने ते पैसे दुसऱ्या बाईवर उडवल्यावर त्याला मारून टाकणारी. मालकीण आणि कामवाली दोघींना एकच दुखणं, पण एकीच्या वाट्याला शोध येतो आणि दुसरीच्या वाट्याला तुरुंग. हा फरक त्या सिनेमाने लपवला नाही. तरी मला आजही त्या बाईचं नाव सांगता येत नाही. तुम्हाला येतं?

‘मॉन्सून वेडिंग’मध्ये तिलोत्तमा शोम ॲलिस झाली होती. मालकिणीचे दागिने घालून आरशात बघणारी कामवाली मुलगी. खिडकीतून बघणाऱ्यांना वाटतं, चोरतेय. तिला फक्त बघायचं होतं, आपण कशा दिसतो ते. सतरा वर्षांनी तीच नटी रोहेना गेरांच्या ‘सर’मध्ये रत्ना झाली. खेड्यातून मुंबईत आलेली तरुण विधवा, शिवणकाम शिकून कपड्यांची डिझायनर व्हायचं स्वप्न बाळगणारी. कपडेपटवाली म्हणून सांगते, या सिनेमात कपडे बोलतात. गाव सोडताना ती हातात बांगड्या चढवते. गावात विधवेला चालत नाहीत, शहरात कोण बघतंय! एकही संवाद न लिहिता तिचं लग्न, वैधव्य, गाव आणि मुंबई सगळं दोन हातांवर आलं. आणि तो बुटीकचा प्रसंग. रत्ना काचेआडचे कपडे बघायला आत जाते आणि तिला हाकलतात. शिवणकाम येणारी बाई कपड्याच्या दुकानात चोर ठरते.

हा सिनेमा मी आईला मोबाइलवर दाखवला. मला वाटलं, आई रडेल. आईने शेवटपर्यंत बघितला, आणि म्हणाली, “चांगली हाय पोरगी. पण एकाच घरी राहती ना ती. म्हणून तिला प्रेमाला येळ घावला.” मग जरा थांबून, “माझ्या चार घरांत चार साहेब होते. कोणाचं तोंड नीट बघितलेलं आठवत नाही. फरशी बघत होते.”

तुमच्यापैकी कुणी हे वाक्य लिहिलं असतं तर मी तुमची साडी फुकट इस्त्री करून दिली असती.

‘लस्ट स्टोरीज’मधल्या झोया अख्तरच्या गोष्टीत भूमी पेडणेकरची सुधा अशीच फरशीवर असते. आदल्या क्षणी मालकाच्या पलंगावर, पुढच्या क्षणी त्याच खोलीत फरशी पुसत. मग त्याचे आईवडील येतात, मुलगी बघतात, लग्न ठरतं, आणि ती मिठाई सुधालाही मिळते. तिला जवळजवळ बोलूच दिलेलं नाही, आणि तिथे ते बरोबर आहे. कारण आपल्याला तिच्या डोळ्यांतून ते घर दिसतं. गप्प ठेवणं आणि लिहायचा कंटाळा करणं यांत फरक आहे, तो तिथे बघून घ्या.

आता एक आक्षेप ओळखून आहे. “ताई, सिनेमा म्हणजे काही संघटनेचं पत्रक नव्हे.” मान्य. मला देवी नकोय, सोशिक माऊली तर मुळीच नको. माझ्या आईने स्वतःचा एकच मामा चार घरांत चार वेगवेगळ्या महिन्यांत मारला. खाडा झाला की पैसे कापायचे, म्हणून कारण भक्कम लागायचं. एकदा दोन मालकिणी भाजीबाजारात भेटल्या आणि मामाच्या तेराव्याच्या तारखा जुळेनात. आईने त्यावर काय सांगितलं असेल? “वहिनी, मला मामा दोन होते.” आमच्याकडे हा किस्सा दिवाळीला दरवर्षी निघतो. मामा अजून ठणठणीत आहे. अशी बाई लिहा. लबाड, चलाख, कोणत्या घरी तूप किती आणि कोणत्या घरी भांडण किती हे ठाऊक असलेली. ती तुमच्या नायिकेच्या घरचं रहस्य तुमच्याआधी ओळखेल.

आणि विषयच हवा असेल तर पुण्यात पडून आहे. १९८० साली पुण्यातल्या मोलकरणींनी संप केला होता. मालकांच्या घरात एकेकट्या काम करणाऱ्या, एकमेकींना बघायलाही न मिळणाऱ्या बायका एकत्र रस्त्यावर आल्या. त्यातून पुणे शहर मोलकरीण संघटना उभी राहिली. आई तेव्हा पुण्यात आलेली नव्हती, पण आमच्या चाळीतल्या म्हाताऱ्या बायका ‘संपाच्या साली’ असं म्हणून पोरांची वयं मोजायच्या. गिरणी संपावर तुम्ही लिहिलंत, बरं केलंत. हा संप मात्र मला पडद्यावर कुठे भेटला नाही. नुसतं चित्र डोळ्यांसमोर आणा. वाड्यातली मोरी, तिसऱ्या दिवशीची खरकटी भांडी, कढईवर साय धरलेली, माशा, आणि त्यांच्याकडे बघत उभे असलेले एक सुशिक्षित, पुरोगामी, साने गुरुजी वाचलेले काका. हातात राख, पण घासायचं कसं ते माहीत नाही. विनोदी लिहा की! मी पहिल्या दिवशी तिकीट काढेन.

कायद्याच्या वाटेनेही जायला हरकत नाही. महाराष्ट्रात २००८ साली घरेलू कामगारांसाठी कल्याण मंडळाचा कायदा झाला. २०१३च्या लैंगिक छळविरोधी कायद्यात राहतं घर हेसुद्धा कामाचं ठिकाण धरलं आहे आणि घरकामगार बाई त्यात स्पष्टपणे येते. तुमच्या पटकथेत ‘अंतर्गत, दिवाणखाना, सकाळ’ असं लिहिलेलं असतं ना, तो दिवाणखाना नायिकेचं घर आहे आणि त्याच वेळी दुसऱ्या बाईचं ऑफिस. एका खोलीत एवढं नाट्य असताना तुम्ही तिच्या हातात चहाचा ट्रे देऊन मोकळे होता.

तुम्ही म्हणाल, एवढं सांगतेस, तुमच्या सेटवर तरी काय उजेड आहे? नाहीच. आमच्या धंद्यात संघटनेकडून बाईला केस विंचरायच्या कामाचं कार्ड मिळायचं, मेकअपचं नाही. पुरुषांची रोजीरोटी जाईल म्हणून अनेक दशकं हा नियम चालला आणि नोव्हेंबर २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो मोडीत काढला. म्हणजे नायिकेच्या गालाला हात लावायचा हक्क बाईला मिळवायला सुप्रीम कोर्टापर्यंत जावं लागलं. केरळात मल्याळी सिनेमातल्या बायकांच्या प्रश्नांसाठी २०१७ साली नेमलेल्या न्यायमूर्ती हेमा समितीचा अहवाल २०१९च्या शेवटी सरकारला मिळाला आणि लोकांसमोर आला ऑगस्ट २०२४ मध्ये, तोही काही भाग गाळून. त्यात लैंगिक छळाच्या गोष्टी आहेत, त्या बातम्यांत आल्या. मला खुपलं ते वेगळंच. सेटवर बायकांना शौचालय नाही, कपडे बदलायला आडोसा नाही, म्हणून बायका पाणीच पीत नाहीत.

माझी आईही कामावर पाणी प्यायची नाही. चारांपैकी तीन घरांत तिला संडास वापरायची परवानगी नव्हती. साडेसहा ते दीड. चौथ्या घरच्या आजी म्हणायच्या, जा गं बाई, त्यात काय. त्या आजी गेल्या तेव्हा आई खरोखर तेराव्याला गेली होती, आणि त्या दिवशीचा खाडा तिने बाकीच्या तिन्ही घरी खरं कारण सांगून घेतला. दोघींनी पैसे कापले.

पडद्यावर ही तहान कुणी दाखवली आहे का? ‘सैराट’च्या उत्तरार्धात बंगल्यातली आर्ची झोपडपट्टीतल्या खोलीत येते तेव्हा वास, पाणी, कारखान्यातली नोकरी यांसाठी नागराज मंजुळेंनी वेळ दिला होता. पूर्वार्धात नाचणारं थिएटर तिथे गप्प झालेलं मी बघितलंय. वर्ग म्हणजे काय हे त्या अर्ध्या तासात शरीराला कळत होतं. पण ती वरून खाली आलेली मुलगी होती. जी आधीपासून तिथेच आहे, तिला तेवढा वेळ मिळायचा आहे.

परवा माझ्याकडे नवीन पटकथा आली. चांगली आहे, मनापासून सांगते. प्रसंग सव्वीस, दिवस सातवा, सकाळ, पाऊस. ‘बाई चहा ठेवून आत जाते.’ मी समासात पेन्सिलने लिहून पाठवलंय: नाव काय? किती वाजलेत? छत्री आहे का, की भिजत आली? याच्या आधी कुठल्या घरून आली?

लेखकाचा अजून फोन आलेला नाही. आला तर बरं, कारण पाऊस असेल तर साडी घोट्यापर्यंत ओली करावी लागेल आणि मला तशा दोन काढाव्या लागतील. तोवर एक धुऊन, इस्त्री करून ठेवली आहे.

आपली,
कपडेपटातली एक